बालाजीचं इंजिन, लातूरचा टँकर

गॅरेजमध्ये कुणी काही टाकून देत नाही. तुटका बोल्ट, झिजलेलं बेअरिंग, वाकलेला रॉड, सगळं कोपऱ्यात पडलेलं असतं. कधीतरी लागेल म्हणून! किश्श्यांचंही तसंच. लातूरला नांदेड रोडवर गफूरभाई मिस्त्रींचं गॅरेज होतं, तिथं टँकरचा ड्रायव्हर म्हणून मी बसत-उठत होतो. तेवढ्यात पोतंभर जमले. आता कुणी म्हणालं, "डिगंबर, सांग की एखादा," की पोत्यात हात घालायचा आणि हाताला लागेल तो काढायचा. एवढंच की, दुष्काळातल्या किश्श्यांना हसू जरा बेतानंच येतं.

*

लातूर तेव्हा नवंनवं जिल्हा झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत. साहेब आले तर खुर्च्या यायच्या होत्या, खुर्च्या आल्या तर पंखे यायचे होते. वेळेवर आला तो फक्त दुष्काळ!

आमच्या माणिकशेठनं जुन्या ट्रकवर टाकी चढवली, टँकर केला आणि मला त्यावर बसवलं. जिल्ह्याच्या शिवेवर एक वाडी होती. तिला पाणी पोचवायचं काम. वाडीत दुसरं पाणीच नव्हतं. टँकर आला तर चूल पेटायची. आणि ऐन उन्हाळ्यात, भरल्या टाकीनिशी, चढावर इंजिन जाम झालं.

गाडी ओढून गॅरेजला आणली. गफूरभाईंनी हँडल घालून बघितलं, फिरेना. खालून बोटावर ऑइल घेतलं, त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. ते बोट पुसत उभे राहिले.

माणिकशेठ घाबरून म्हणाले, "मिस्त्री, काय म्हणतंय इंजिन?"

"कुछ नै बोलता शेठ. मय्यत बोलती क्या?"

*

म्हणजे दुसरं इंजिन बसवायचं ठरलं. पण गफूरभाई पान्याला हात लावेनात. पहिला दिवस नुसती तयारी. रिकामे डबे आणले, कुठले बोल्ट कुठल्या डब्यात ते ठरवलं, वायरींना आणि पाइपांना रंगीत दोरे बांधले, गाडीखाली लाकडाचे ठोकळे लावले. माणिकशेठ येरझाऱ्या घालत होते.

"अहो, खोला की लवकर! वाडी तहानलीय तिकडं."

गफूरभाई दोरा दातानं तोडत म्हणाले, "शेठ, खोलनेकू क्या लगता? सरकारनं जिल्हा बी खोलला. बसवायला टाइम लागतो!"

*

इंजिन उतरवायच्या आधी धुवावं लागतं, नाहीतर माती आत जाते. धुवायला पाणी कुठलं? डिझेलनं धुतलं. त्या उन्हाळ्यात डिझेल मागितलं तर मिळायचं, पाणी मागितलं की माणसं इकडंतिकडं बघायची.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली. गॅरेजच्या माठात तळाला थोडं पाणी होतं. गफूरभाईंनी माठाकडं बघितलं, झाकण पुन्हा ठेवलं आणि भिंतीकडच्या कोरड्या मातीवर हात टेकवून ते तोंडावर, हातांवर फिरवले. पाणी नसलं तर तसं चालतं म्हणे.

मी म्हटलं, "भाई, आहे की थोडं."

"पीने का है वो. मातीची कमी न्हाई आपल्याकडं."

*

वाडीचा पोलीस पाटील रोज एसटीनं गॅरेजला यायचा. इंजिन नसलेल्या गाडीकडं बघत दिवसभर बाकड्यावर बसायचा आणि शेवटच्या गाडीनं परत जायचा. मला वाटायचं, आमच्यावर नजर ठेवायला येतो. शेवटी गफूरभाई चिडले.

"पाटील, तुमी बघून बघून इंजन येनार हाय का?"

पाटील म्हणाला, "तसं न्हाई मिस्त्री. घरी ऱ्हायलो की समदे पाणी मागतेत. हितं कुणी मागत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून गफूरभाई त्याच्यासाठी चहा ठेवू लागले.

*

बसवायला जुनं, वापरलेलं इंजिन कुठं मिळेना. एका ढाब्यावर पत्ता लागला. शिवेपलीकडं, नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात, अपघातातली गाडी उभी आहे. चालवणारा बालाजी नावाचा जवान पोरगा काही महिन्यांपूर्वी त्या अपघातात गेला. केबिनचा चुराडा झाला, पण इंजिनाला खरचटलं नाही.

आम्ही गेलो. बालाजीचे वडील, किसनतात्या, ओट्यावर बसले होते. त्यांनी "या" म्हटलं आणि लगेच सांगून टाकलं, "चहा देतो, पण पाणी मागू नका."

गफूरभाईंनी विचारलं, "तात्या, चाय में पानी नै रहता क्या?"

"ऱ्हातंय. पण चहा म्हनलं की पावणा कपभरच पेतो."

गाडी गोठ्याशेजारी होती. इतके महिने उभी, म्हणजे इंजिन गंजलं असणार, असं आमचं गणित. गफूरभाईंनी चेपलेल्या केबिनमध्ये हात घालून बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू!

"रोज सकाळी चालू करतो थोडा येळ," तात्या म्हणाले. "तो असाच निघायचा सकाळी. आवाज आला की त्याची आई चूल पेटवती."

घरातून कुणी बाहेर आलं नाही. शेवटी तात्यांनीच विचारलं, "कशाला पायजे इंजिन?"

मी म्हटलं, "पाण्याच्या टँकरला. ह्याच रस्त्यानं जाईल वाडीला."

त्यांनी जाऊन इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "न्या. चांगल्या कामाला चाललंय. पन गावातून जाताना हारन वाजवू नगा. इंजिनाचा आवाज वळखतो मी."

*

दुसऱ्या दिवशी इंजिन काढायला गेलो, तर उचलायचं कशानं हा प्रश्न. गफूरभाईंची चेनकप्पी उदगीरच्या कुणीतरी नेलेली. दारात कडुलिंबाचं झाड होतं, पण वाळलेलं. फांदीला हात लावला की कडकड वाजायची.

तात्या उठले आणि विहिरीवर गेले. विहिरीच्या दोन्ही लोखंडी कप्प्या सोडून घेऊन आले. "घ्या. तिला काय काम हाय आता?"

गोठ्याच्या तीन बल्ल्या उभ्या केल्या, वर कप्प्या बांधल्या, दोरखंड ओवला. सगळं गाव ओढायला आलं. इंजिन हळूहळू वर आलं, गाडीतून सुटलं आणि हवेत लटकलं. तात्या एका हातानं ते सावरत होते, झोका घेऊ नये म्हणून.

गर्दीतली एक म्हातारी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "किती दिसांनी ह्या कप्पीनं कायतरी वर आलं गं बाई!"

एकजण हसला. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण तो दोर सोडून निघून गेला.

*

लातूरला इंजिन बसवलं. उंचीला थोडं जास्त निघालं, बॉनेट लागेना. गफूरभाईंनी बॉनेटच कापलं. तपासायला कचेरीतून ग्रामसेवक आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण नव्या जिल्ह्यात नवी बदली, वरचा साहेब कडक. गाडीभोवती फिरून त्यांनी विचारलं, "इंजिन कुठलं?"

"नांदेड जिल्ह्यातलं," मी म्हटलं.

"मिस्त्री, दुसऱ्या जिल्ह्याचं इंजिन चालेल का आपल्याकडं?"

गफूरभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "साहब, इसकू अभी मालूमच नै, जिल्हा बदल गया करके!"

*

तलावावर टाकी भरायची आणि वाडीला जायचं. मधे थोडा रस्ता नांदेड जिल्ह्यातून जायचा, आणि तात्यांचं गाव नेमकं त्या रस्त्यावर. भाऊसाहेब माझ्या शेजारी बसायला लागले. त्यांना हुकूमच होता, लातूरचं पाणी लातूरच्या गावालाच. वाटेत थेंब सांडायचा नाही.

पहिल्या दिवशी गावाजवळ आलो तर माणसं धावत रस्त्यावर आली. पोरंसोरं ओरडत होती, "बालाजीची गाडी आली! बालाजीची गाडी!" आवाज तर त्याच गाडीचा! मग त्यांनी टाकी बघितली, आणि बायका तशाच मागं पळाल्या, हंडे-कळश्या आणायला.

"थांबवू नका," भाऊसाहेब म्हणाले.

मी थांबवली नाही. हॉर्नही वाजवला नाही. वाडीची माणसं तिकडं वाट बघत होती, हे मला कळत होतं. तरी रोज आरशात त्या कळश्या दिसायच्या आणि फार लाज वाटायची. पारावर तात्या एकटेच हात वर करायचे. पाण्यासाठी नाही, निरोप देतात तसा.

*

आता शेवटचा.

इंजिन दुसरं बसवलं, पण रेडिएटर आमचा जुनाच, गळका. एका दुपारी तात्यांच्या गावात, पाराजवळच, कापलेल्या बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. इंजिन बंद करावंच लागलं. बायका कळश्या घेऊन आल्या आणि लांब उभ्या राहिल्या.

टाकी काठोकाठ भरलेली. पण खालच्या व्हॉल्व्हला कुलूप होतं आणि किल्ली भाऊसाहेबांच्या खिशात.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, रेडिएटरपुरतं काढू द्या. न्हाईतर गाडी हलत न्हाई."

ते बायकांकडं बघत हळूच म्हणाले, "डिगंबर, हितं एकदा कुलूप काढलं तर परत लावता येईल का आपल्याला?"

खोटं नव्हतं ते. वाडीचा वाटा वाटेतच संपला असता. टाकीच्या सावलीत एक कुत्रं येऊन बसलं.

तेवढ्यात तात्या पारावरून उठून घरी गेले. परत आले तेव्हा खांद्यावर कळशी होती. मागं दारात बालाजीची आई उभी होती. मी तिला पहिल्यांदाच बघितलं. नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून पहाटेपासून वाटी-वाटीनं भरलेली कळशी असणार. त्या गावात दुसरं पाणी नव्हतंच.

"तात्या, नको! प्यायचं पाणी हाय," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. इंजिनाला हात लावून बघितला. निवलंय याची खात्री झाल्यावर खांद्यावरचा टॉवेल गुंडाळून स्वतः झाकण काढलं आणि बारीक धारेनं पाणी ओतलं. एक थेंब बाहेर पडू दिला नाही. कळशी पार पालथी केली, झाकण आवळलं.

मग ते भाऊसाहेबांच्या खिडकीशी आले आणि हात जोडून अगदी मनापासून विचारलं, "भाऊसाहेब, हे नांदेड जिल्ह्याचं पाणी हाय. तुमच्या लातूरच्या गाडीला चालतंय का?"