फक्त इंजिन बदललं

सतरा नोव्हेंबर, सोमवार. त्या दिवशीचं काम अर्ध्या तासाचं होतं. अमडापूरला जायचं, एका जुन्या मोटारीच्या चेसिस नंबरची आणि इंजिन नंबरची पेन्सिल छाप घ्यायची आणि परत यायचं. पेन्सिल छाप ही काही मोठी विद्या नाही. लोखंडावर ठोकलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. आकडे कागदावर उठतात. लहानपणी आपण नाण्यांची करायचो तसंच. कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच आहे, हे या छापेवरून ठरतं.

मिलिंदभाऊंच्या अंगणात गाडी उभी होती. जयभीम झाला, चहा झाला. चेसिसची छाप चांगली आली. मग मी बॉनेट उघडायला सांगितलं. मिलिंदभाऊंनी ते उघडलं आणि हसत बाजूला झाले. आत एका मालवाहू टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. हिरवागार रंग, नवा कोरा बेल्ट.

माझ्या शेजारी गाडीची मालकीण उभी होती. रंजनाताई, मिलिंदभाऊंची थोरली बहीण. इंग्लंडमध्ये नर्स आहेत. या कामासाठी रजा टाकून आल्या होत्या.

"हे काय हाय मिलिंद?"

"सरप्राईज! थांब, चालू करून दाखवतो."

त्यांनी चावी फिरवली. अंगणातली पत्र्याची शेड थरथरली, गोठ्यातली वासरं दावं ओढायला लागली. त्या आवाजावर आवाज चढवून ते ओरडले, "लिटरले बावीस देते ताई! पहिलं इंजिन नुसतं पेट्रोल ढोसत होतं!"

"बंद करा," मी म्हणाले. मला दोनदा सांगावं लागलं.

माझा बुलढाण्यात आरटीओ ऑफिसच्या रस्त्यावर गाळा आहे. नोंदणी, रोड टॅक्स, विमा, गाडी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करणं, ही माझी कामं. पाटीवर 'सल्लागार' लिहिलंय, लोक एजंट म्हणतात. मी वाद घालत नाही. बहुतेक फायली ट्रॅक्टरच्या, ट्रॉलीच्या आणि दुचाकींच्या असतात. परदेशातून आलेल्या जुन्या मोटारीची फाइल माझ्याकडे ही पहिलीच.

ही मोटार रंजनाताईंनी विकत घेतलेली नव्हती. तिकडे एका म्हाताऱ्या बाईची त्यांनी शेवटपर्यंत घरी जाऊन शुश्रूषा केली. बाईने मृत्युपत्रात मोटार त्यांच्या नावाने ठेवली. लहानशी, दोन दारांची, सायीच्या रंगाची. पन्नास वर्षांच्या पुढची. त्याच मोटारीवर रंजनाताई गाडी चालवायला शिकल्या होत्या. बेत असा होता की आधी गाडी पाठवायची आणि मार्चमध्ये नोकरी सोडून स्वतः कायमचं अमडापूरला यायचं. त्यासाठी मिलिंदभाऊंच्या घरावर एक खोली बांधायला त्या पैसे पाठवत होत्या.

पहिल्या फोनवरच मी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं होतं.

"मले तं फुकट भेटली," त्या म्हणाल्या.

"बाईंनी फुकट दिली. सरकार देणार नाही."

फुकट मिळालेल्या वस्तूचीही कस्टम्सवाले किंमत ठरवतात. त्या किमतीत जहाजाचं भाडं आणि विमा मिळवतात आणि त्या सगळ्यावर ड्युटी लावतात. वर आणखी टॅक्स. सगळं मिळून किमतीच्या दुपटीच्या पुढे जातं. एवढं भरून गाडी घरी आली, तरी ती रोज चालवता येत नाही. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची नोंदणी 'विंटेज' म्हणून होते. तिला वेगळ्या मालिकेचा नंबर मिळतो. रॅली, प्रदर्शन, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायचं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. बाजारहाट करायला नाही.

"एवढ्या पैशात इथं एसीची नवी गाडी येईल," मी म्हणाले होते.

"नवी गाडी काय, कोनालेही घेता येते," त्या म्हणाल्या. मग मी तो विषय सोडला. पैसे त्यांचे होते.

सगळ्यात मोठी अट मी शेवटी सांगितली. विंटेज नोंदणीसाठी गाडीचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन मुळातलं असावं लागतं. राज्याची एक समिती असते. ती गाडी तपासते आणि मगच नंबर मिळतो. हे मी रंजनाताईंना सांगितलं, मिलिंदभाऊंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, आणि ट्रेलरवरून गाडी उतरली त्या दिवशी अमडापूरला जाऊन तोंडीही सांगितलं.

"गाडीला कोणी हात लावायचा नाही."

"हाव मॅडम. धूळसुद्धा पुसत नाही."

हा शब्द त्यांनी पाळला. टपावर चिमण्यांची शीट तशीच वाळलेली होती.

"मिलिंदभाऊ, मी काय सांगितलं होतं?" बॉनेटपाशी उभी राहून मी विचारलं.

"हात लावू नका म्हनले. मंग? रंगाले हात लावला? सीट बदलली? फक्त इंजिन बदललं."

"फक्त?"

"दिसनं जुनं पाह्यजे न मॅडम? दिसते जुनीच. आतमंधी काय हाय ते कोन पाह्यते?"

ते नाटक करत नव्हते. आमच्या भागात इंजिन म्हणजे टायरसारखी वस्तू. जुनी पेट्रोल जीप घेतली की ती घरी आणण्याआधी तिच्यात डिझेल इंजिन घालायचं, हे इथं शहाणपणाचं मानतात. अशा कितीतरी गाड्यांच्या आरसीवर इंधन बदलल्याची नोंद मीच करून दिली आहे. अर्ज करायचा, फी भरायची, काम होतं. पण ते साध्या गाडीचं. विंटेज गाडीचं इंजिन बदललं की ती विंटेज राहत नाही, आणि साधी म्हणून नोंदवायची तर एवढी जुनी परदेशी गाडी आजच्या एकाही नियमात बसत नाही. मग ती कुठलीच गाडी उरत नाही.

रंजनाताईंनी एकच प्रश्न विचारला, आणि तो नेमका होता. "जुनं इंजिन कुठं हाय?"

जुनं इंजिन असलं तर काहीच बिघडलं नव्हतं. हे काढायचं, ते बसवायचं. मिलिंदभाऊ म्हणाले, ते चिखलीला गजू मिस्त्रीकडे राहिलं, त्यानेच बदलून दिलं. आम्ही तिघं माझ्या गाडीतून निघालो. मिलिंदभाऊ पुढं बसले आणि चिखली येईपर्यंत बोलत राहिले. गजूच्या हातात कशी जादू आहे, इंजिन बसवायला त्याने कसे नवे ब्रॅकेट बनवले, हे सगळं सांगून झालं.

"खर्च सगळा म्या केला. तुले एक रुपया मांगला का ताई?"

ताई मागच्या सीटवर होत्या.

गजू मिस्त्री एका जीपखालून सरकत बाहेर आला. "काऊन मिलिंदभाऊ? गरम होते का?"

"नाही बे. जुनं इंजिन कुठं हाय?"

"ते? ते तं दिवाळीच्या आधीच भंगारात गेलं न."

"कोनाले इच्यारून बे?"

"तुम्हीच म्हनले का घेऊन टाक, मजुरीतून कापून घे."

गजूने भंगारवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस आधी हसला. "मिस्त्री, झोपले होते का इतके दिवस? तो माल जालन्याले गेला न!"

जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत. आमच्याकडचं बहुतेक भंगार तिकडे जातं, वितळतं आणि सळई होऊन परत येतं. रंजनाताईंना हे ठाऊक नव्हतं. मला सांगावं लागलं. इंजिन आता कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये असेल, असंही मी म्हणाले. ते म्हटलं नसतं तरी चाललं असतं.

"मले काय माहीत बाई," गजू रंजनाताईंना म्हणाला. "त्याचा एक वॉल्व इकडं भेटत नाही. ठेवून काय करनार होतो?" त्याचंही खरं होतं. मग त्याला उपाय सुचला. "टेन्शन घेऊ नका. जुना नंबर द्या. या इंजिनावरचा घासतो अन् तो ठोकतो. आरशासारखा करून देतो." त्याने शेल्फवरून डबा काढला. आत शून्यापासून नवापर्यंत पोलादी ठसे होते.

"झालं न मंग!" मिलिंदभाऊंचा चेहरा खुलला.

रंजनाताई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, हे चालते का?"

"नाही. इंजिन नंबर घासून दुसरा ठोकणं हा गुन्हा आहे. शिवाय कस्टम्सच्या कागदावर पेट्रोल इंजिन लिहिलंय. समितीतल्या कुणीही बॉनेट उघडलं की कळणार."

"अन् कळलं तं?"

"पोलीस केस. अर्जावर सही तुमची असेल. मिस्त्रीची नाही, यांची पण नाही."

त्या नर्स होत्या. पोलीस केस झाली तर तिकडे नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेलाही कळवावी लागते, हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

"मॅडम, तुम्ही उगाच भेव दाखवून राह्यल्या," मिलिंदभाऊ म्हणाले. "वरतं कोनाले तरी सांगा न. मॅनेज होते सगळं. तुम्ही एजंट हा का नाही?"

"एजंट आहे. म्हणून तर सांगते."

मग ते बहिणीकडे वळले. "ताई, एक सही तं करायची हाय. तिकडं राहून राहून भेकड झाली तू."

"मिलिंद, तू मले फोन काऊन नाही केला?"

"सरप्राईज होतं न."

"माह्या गाडीचं?"

"तुही-माही काय करते? घर एकच हाय न आपलं? अन् मार्चमधी येऊन तू राह्यनार कोनाकडं हाय? माह्याकडंच न?"

गजूने ठशांचा डबा बंद करून शेल्फवर ठेवला.

परत येताना मिलिंदभाऊ अमडापूरच्या फाट्यावर उतरले. रंजनाताई उतरल्या नाहीत. बुलढाण्यात त्यांची मैत्रीण राहते, तिच्याकडे सोडा म्हणाल्या. वाटेत त्यांनी विचारलं, गाडी परत पाठवली तर? तशी सोय आहे. आयात केलेली वस्तू परत पाठवली तर भरलेल्या ड्युटीचा काही भाग परत मिळू शकतो. पण ती आली तशीच गेली पाहिजे. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी मिलिंदभाऊंचा फोन आला. "दुसरा मानूस पाह्यला म्या. तो करून देते. फाइल देऊन टाका."

"फाइल तुमची नाही."

"मंग कोनाची हाय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी लगेच रंजनाताईंना कळवलं. अर्ज ऑनलाइन भरून झाला होता, फक्त छापा जोडायच्या बाकी होत्या. ठोकलेल्या नंबरची छाप कुणी लावली असती, तर अर्ज त्यांच्याच नावाने पुढे गेला असता.

पुढे काय झालं ते आधी सांगते. गाडी अमडापूरलाच आहे. नंबर नाही, त्यामुळे रस्त्यावर येत नाही. पण स्वतःच्या वावरात तिला कोण अडवणार? मिलिंदभाऊ तिच्यातून स्प्रिंकलरचे पाइप नेतात. चालते छान. बुलढाण्याच्या एका बाईने आपल्या बहिणीचा पैसा बुडवला, असं ते सांगतात. ते ऐकून माझ्याकडची दोन-तीन कामं दुसरीकडे गेली. रंजनाताईंनी मार्चमध्ये नोकरी सोडली नाही. त्यांच्या पैशांनी बांधलेल्या खोलीत सोयाबीनची पोती आहेत.

परदेशातून गाडी आणायची तर ड्युटी, टॅक्स, फी या सगळ्याचा हिशोब मी आधी काढून देते. आता त्याबरोबर आणखी एक विचारते. गाडी कोणाच्या अंगणात उभी राहणार, आणि तो माणूस ती कोणाची समजतो? गिऱ्हाइकांना हा प्रश्न आवडत नाही.

चिखलीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळा उघडला तेव्हा रंजनाताई पायरीवर बसल्या होत्या. नोंदणी अधिकाऱ्यांना पाठवायच्या मेलचा मजकूर मी घरूनच लिहून आणला होता. अर्ज मागे घेत आहोत, आयात झाल्यानंतर गाडीचं इंजिन बदललं आहे, या चेसिस नंबरवर जुन्या इंजिन नंबरची छाप जोडून कोणी आलं तर ती स्वीकारू नये. ही मेल गेली की त्या गाडीला विंटेज नंबर मिळायचा रस्ता कायमचा बंद होणार होता. मी तसं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन वाचला.

"हे काढा," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं होतं, 'मालकाच्या भावाने मालकाला न विचारता इंजिन बदलले.'

"खरं आहे ते," मी म्हणाले.

"हाव. पन मालक मी हाय न? मालकानं बदललं लिहा."

मी 'मालकाने इंजिन बदलले' एवढंच ठेवलं, बाकीचं पुसलं आणि मेल पाठवली.