तांड्याची बाई

जऊळक्याच्या स्टेशनापलीकडं जो तांडा आहे, तिथल्या अंगणवाडीत रीता मदतनीस होती. म्हणजे खिचडी शिजवायची, खोली झाडायची, पोरांची नाकं पुसायची, आणि जे पोर घरून निघायला तयार नसेल त्याला काखोटीला मारून आणायचं. हे सगळं ती बोलत बोलत करायची. हिच्या तोंडाला दम कसा लागत नाही, असा प्रश्न तिच्या नवऱ्याला, धनराजला, नेहमी पडायचा. पण तो पडला घरजावई. प्रश्न त्यानं मनातच ठेवला.

तिचं बोलणं चालायचं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या घरच्या बोलीत. वऱ्हाडीही तिला येत होती. तालुक्याला, मालेगावच्या बाजारात भाव पाडून घेण्याइतकी तर झकास येत होती. पण सभा, साहेब आणि शुद्ध मराठी यांचं नाव निघालं की त्याच तोंडाला कुलूप लागायचं.

अंगणवाडीच्या सेविका मनकर्णाबाई. शेजारच्या गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, खणखणीत आवाजाच्या. तालुक्यातल्या अंगणवाडीच्या बायकांची संघटना त्याच चालवायच्या. संघटना म्हणजे नुसते मोर्चे, असं ज्याला वाटतं त्यानं या बाईंशेजारी एकदा बसून बघावं. कुठं जागा निघणार, मदतनिसाला सेविका कसं होता येतं, सेविकेनं पुढं पर्यवेक्षिकेची परीक्षा कधी द्यावी, हे सगळं त्या चहा पिता पिता सांगायच्या. रीताला बारावीला त्यांनीच बसवलं. बैठकीलाही त्याच ओढून न्यायच्या. रीता मागच्या सतरंजीवर बसायची, सगळ्यांचे कप गोळा करायची आणि एक शब्द न बोलता परत यायची.

मग मनकर्णाबाईंची निवृत्ती जवळ आली.

"जागा तुही हाय," त्या म्हणाल्या. "अर्ज कर."

"मले कुठी बोलता येते, ताई?"

"सकाळपासून कोण बोलून राह्यलं मंग, रेडिओ? अन् बारावी कायले केली व, खिचडी ढवळाले?"

रीताला ती जागा हवी होती. लाजायचं कशाला, फार हवी होती. लहानपणी ती पहिलीत गेली तेव्हा गुरुजींचं एक अक्षर तिला कळत नव्हतं. ती अख्खं वर्ष भिंतीला पाठ लावून गप्प बसली होती, आणि गुरुजींनी तिला मठ्ठ ठरवलं होतं. तांड्यातल्या पोरांचं तसं होऊ नये, एवढंच तिला वाटायचं. तिनं अर्ज केला.

निवडीआधी पर्यवेक्षिका वर्षाराणी मॅडम तिचं शिकवणं बघायला आल्या. त्या स्वतः आधी इंझोरीकडं सेविका होत्या, परीक्षा देऊन वर चढलेल्या. त्यांच्या मताला वजन होतं, आणि ते रीताला पुरतं ठाऊक होतं. त्यामुळं तिची पाचावर धारण बसली. रोजची बोली तिनं दाराबाहेर ठेवली आणि रात्रभर घोकलेलं मराठी सुरू केलं.

"बालमित्रांनो, आज आपण पाळीव प्राण्यांची ओळख करून घेणार आहोत."

बालमित्र तिच्या तोंडाकडं बघत राहिले. आपल्या रीताला आज काय झालं, हे त्यांना समजेना. एकानं जांभई दिली. ती दुसऱ्याला लागली. मनकर्णाबाई दारात उभ्या राहून हातवारे करत होत्या, पण रीताला आता काहीच दिसत नव्हतं.

वर्षाराणी मॅडम मनानं चांगल्या. पोरांची भीड चेपावी म्हणून त्या पुढं झुकून लाडात म्हणाल्या, "तुमची बाई कोण आहे? जा बरं, बाईचा हात धरा!"

पोरांना एवढ्या बोलण्यातले दोनच शब्द कळले, जा आणि बाई. ती उठली आणि दारातून भर्रकन बाहेर पळाली.

मॅडम रिकाम्या खोलीकडं बघत राहिल्या. मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. रीताचे डोळे भरून आले. गेली जागा, असं तिनं मनात म्हणूनही टाकलं.

एकटा देवला तेवढा मागं उरला होता. आजाचं नाव ठेवलेलं, भाऊ नाही बहीण नाही असं एकुलतं पोर. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, रीताजवळ आला आणि तिचं बोट घट्ट धरलं.

"ई मार बाई," त्यानं मॅडमना सांगितलं. म्हणजे, ही माझी बाई.

तोवर बाकीची पोरं परतली. प्रत्येकानं कोणाला तरी ओढत आणलं होतं. एकीचे हात राखेनं माखलेले, एकीची अर्धीच वेणी घातलेली, एक तर हातात लाटणं घेऊनच आलेली. खोली पोरींनी भरून गेली.

"या कोण सगळ्या?" मॅडमनी विचारलं.

आता जायचं ते गेलंच, म्हणून रीताच्या तोंडाचं कुलूप निघालं. "मॅडम, आमच्यात बाई म्हंजे बहीण. तुमी बाईचा हात धरा म्हटलं, तं पोट्टे आपापल्या बहिणीले घेऊन आले. याले बहीण नाही. म्हून यानं मले धरलं."

मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी देवलाकडं पाहिलं, आणि त्यांचं हसू जरा ओलं झालं. "मग असंच शिकवा ना," त्या म्हणाल्या. "रोज शिकवता तसं."

रीतानं पदर खोचला. गाय, शेळी, कोंबडी आधी गोरबोलीतून आली, मग मराठीतून. बहिणी हंबरल्या, पोरं बें बें करू लागली, लाटणंवालीनं कोंबडा आरवून दाखवला. घरी भाकर करपली ती करपलीच.

पुढं रीताला जागा मिळाली. मालेगावला संघटनेची बैठक भरली तेव्हा मनकर्णाबाईंनी तिला मागच्या सतरंजीवरून उठवून पुढं उभं केलं. नवीन सेविकेनं दोन शब्द बोलावेत, अशी तिथली रीत. रीतानं घसा साफ केला.

"बायांनो!" ती म्हणाली.

सभा खो खो हसली. पुढच्या रांगेतली एक हळूच म्हणाली, "अवं, सभेत भगिनींनो म्हणा लागते."

"तेच तं म्हणून राह्यली मी," रीता म्हणाली, आणि बोलत सुटली.