तिल्लीवाले मावसाजी

शरीरात हृदयाला उगाच जास्त मान मिळाला आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या मावशीचा नवरा असावा, हा आमच्या घराण्याचा योग. मावसाजी तुमसर तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते; गावोगावचे लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. गाईबैलांना सुया टोचण्यात आणि अडलेली वासरं ओढून काढण्यात त्यांची उभी नोकरी गेली, पण जीव सगळा अडकला होता पाणथरीत, म्हणजे डाव्या बरगड्यांआड दडलेल्या त्या जांभळ्या अवयवात. आमच्याकडे तिला तिल्ली म्हणतात. "हृदय काय, नुसता पंप हाय," ते म्हणत. "तिल्ली म्हनजे रक्ताची बोडी हाय बापा. शेतातल्या बोडीत पानी साठते तसं रक्त साठवते, गाळते, कचरा रोकते. पन तिच्यावर कोन्या कवीनं दोन ओळी लिहिल्या असन त शप्पथ!"

दर रविवारी सकाळी ते मटणाच्या दुकानासमोर उभे राहत, तेही पिशवी न घेता, कारण मावसाजी कट्टर शाकाहारी. खाटीकही त्यांना सरावला होता. गिऱ्हाइकाला थांबवून तो आधी बोकडाची तिल्ली उचलून दाखवी. मावसाजी चष्मा कपाळावर सरकवत, ती बोटानं दाबून पाहत, "तब्येत मस्त होती याची" असं मेलेल्या बोकडाला प्रशस्तिपत्र देत आणि रिकाम्या हातानं घरी येत. एकदा जरा मोठी दिसली म्हणून त्यांनी ती डब्यात घालून आणली आणि फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली. मावशीनं त्या दिवशी दही, डबा आणि मावसाजी या तिघांनाही अंगणात काढलं.

दुसरं वेड रक्त साकळण्याचं. कुणाला खरचटलं की लोक हळद शोधत, मावसाजी घड्याळ शोधत. सुपारी कातरताना एकदा माझा अंगठा कापला, तर ते ओरडले, "पुसू नको! पुसू नको!" मी ठणाणा करतोय आणि हे खुर्ची ओढून समोर बसलेले. शेवटी समाधानानं मान हलवून म्हणाले, "साडेचार मिनिटं. बापावर गेला तू." न्हाव्याकडे वस्तरा लागला तर तुरटी लावू देत नसत. माझ्या मावसबहिणीला पाहायला मुलगा आला, तेव्हा इतरांनी नोकरी विचारली, शेती विचारली, यांनी विचारलं, "लागलं त तुमचं रक्त किती वेळात थांबते?" मुलगा बावरला आणि "लवकर थांबते जी" म्हणाला. सोयरीक जुळली, पण ती आपल्या त्या प्रश्नामुळेच, असा मावसाजींचा आजही समज आहे.

मला या विषयाची गोडी लागली तीही त्यांच्यामुळेच. जंतूच्या विषानं रक्त पातळ का होतं, असं मी एकदा सहज विचारलं आणि फसलो. चहा दोनदा थंड झाला, पण जे समजलं ते आजही विसरलो नाही. विष रक्तवाहिन्यांना आतून चरे पाडतं. मग शरीर घाबरून जागोजागी बारीक बारीक गुठळ्या करत सुटतं, आणि गुठळीचं सामान त्यातच संपतं. "समज, गावात गल्लोगल्ली मांडव टाकले," मावसाजी म्हणाले, "अन् लग्न ज्याच्या घरी, त्याच्याचकडे बांबू नाही उरले. मंग जिथं गुठळी पाहिजे तिथं होत नाही, अन् रक्त वाहतच राह्यते." हे सगळं उघड्या डोळ्यांनी पाहायचं तर जनावरांचा फाशी नावाचा रोग पाहावा, असं ते म्हणत, माणसाला तो झाला की काळपुळी म्हणतात. त्यात तिल्ली चौपट फुगते, काळी ठिक्कर पडते आणि हात लावला की चिखलासारखी फुटते, असं त्यांनी प्रशिक्षणात वाचलं होतं. तेवढी एकदा पाहायला मिळावी, ही त्यांची एकुलती एक इच्छा. मेलेल्या जनावराची बातमी आली की ते सुरी घेऊन धावत. मालक नको म्हणाला तरी गोड बोलून पोट उघडत. तिल्ली दर वेळी साधीच निघे.

तीनेक वर्षांपूर्वी, त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना, आंबागडच्या वाटेवरच्या एका गावातून फोन आला. धडधाकट बैल पहाटे अचानक मेला होता. मावसाजींची गाडी बिघडलेली, म्हणून मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. बैलाभोवती सगळा गाव जमला होता आणि भांडण पेटलं होतं. मालकाचा शेजाऱ्याशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुना वाद. शेजाऱ्यानंच बैलाला विष घातलं, असं तो ओरडून सांगत होता. "फाडा जी डाक्टर, पोटात जहर निघते का नाही ते दाखवा साऱ्याइले!" आणि गंमत म्हणजे शेजारीही हात जोडून तेच म्हणत होता, "फाडाच जी! माह्या पोरीचं लगन तोंडावर हाय. हा डाग घिऊन मी कोनाच्या दारात जाऊ?"

मावसाजींनी पिशवीतून सुरी काढली. मग ते वाकले. बैलाचं पोट टम्म फुगलं होतं, पाय अजून ताठले नव्हते, आणि नाकातून काळसर रक्त येत होतं. सवयीनं त्यांचा हात घड्याळाकडे गेला. दहा वाजले होते. पहाटे मेलेल्या बैलाचं रक्त दहा वाजता पातळच्या पातळ! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका आनंदलेला आणि इतका घाबरलेला चेहरा मी एकाच वेळी कधी पाहिला नव्हता. ज्याच्यासाठी जन्मभर पोटं उघडली, ते या एका पोटात वीतभर कातड्याखाली होतं. मालक परवानगी देत होता, आरोपी हात जोडत होता.

त्यांनी सुरी पिशवीत ठेवली. "मागं सरा! कोनी हात लावाचा नाही, कातडं काढाचं नाही!"

"काहून जी?" मालक चिडला. "यानं चारलं का तुमाले काही?"

"अरे, ह्या रोगाच्या जंतूले हवा लागली का तो कवच घालून मातीत बसते. आज मी पोट फाडलं, त तुह्या नातवाचे बैल इथंच मरतीन. ह्याच्या आतलं आतच राहू दे."

हातमोजे घालून त्यांनी कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, एवढंच. नाकात कापूस कोंबला. जेसीबी बोलावून पुरुषभर खोल खड्डा, त्यात बैल, वर चुना. खड्डा बुजेपर्यंत ते काठावर उभे होते; कुणी पाणी दिलं तेही घेतलं नाही. ज्यांनी ज्यांनी बैलाला हात लावला होता, त्यांना सरकारी दवाखान्यात धाडलं. मग आम्ही काचपट्टी घेऊन जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेलो. दुपारी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं आणि म्हणाल्या, "फाशीच आहे, काका. तुम्ही उघडलं नाही ना?" मावसाजींनी तिथूनच मालकाला फोन केला. "जहर नाही, रोग हाय. आता शेजाऱ्याच्या घरी जा अन् त्याची माफी माग. मी फोन चालूच ठेवतो." त्यांनी खरंच चालू ठेवला. पलीकडून आधी कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, मग दोन माणसांचं रडणं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मी म्हटलं, "मावसाजी, फार मोठं काम केलं तुम्ही."

"हो न," ते म्हणाले.

धानाच्या बांध्या मागे पडत होत्या. स्कूटरच्या आरशात पाहिलं, तर मागे बसलेल्या मावसाजींनी दोन्ही हात समोर धरले होते, काहीतरी मापल्यासारखे. हात थोडे लांब गेले. मग आणखी थोडे. मला त्या माणसाची इतकी माया कधीच वाटली नव्हती.

"केवढी असन बापा?" ते स्वतःशीच म्हणाले.

मी आरशातून नजर काढली आणि स्कूटर जरा हळू केली.