मेंढरांच्या चालीचं इंजिन

माझ्या वडिलांचा, आबांचा, गुडघा इतका झिजला की त्यांना मेंढरांमागं चालवेना. व्यापारी दोनदा येऊन कळप बघून गेला. याच मेंढरांच्या जोरावर मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि वाळूजच्या कारखान्यात लागलो. मी म्हणालो, "मेंढरं विकू, तुम्ही माझ्या खोलीवर चला." त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन मी शहरात जुन्या इंजिनांच्या दुकानात गेलो. त्यांच्या सायकलला इंजिन बसवायचं होतं.

दुकानदारानं विचारलं, "कितना भगाना है?"

"मेंढरं चालतात तेवढं," मी म्हणालो.

तो हसला. "फिर गाडी कायको, साहब? पैदल चलो ना!"

"पाय असता तर तुझ्या दारात आलो असतो व्हय?" आबा म्हणाले.

त्यानं त्यांच्यासाठी स्टूल ओढलं आणि एकेक इंजिन दाखवायला लागला. बहुतेक सगळी पळण्यासाठीच केलेली. हळू चालवली की गचके देऊन बंद पडायची. जुन्या मोपेडचं एक हळू चालायचं, पण आबांना सायकल सावरली नसती इतकं जड. बॅटरीची मोटर शांत होती, पण उघड्या रानात मुक्काम, ती चार्ज कुठं करायची? शेवटी फवारणी पंपाचं छोटं इंजिन घेतलं. ते हलकं होतं आणि जास्तीची चेन लावून त्याचा वेग पार खाली आणता येत होता.

पहिल्या दिवशी त्या आवाजानं मेंढरं उधळली. मग रोज संध्याकाळी आबा इंजिन चालू ठेवून त्यांना मका टाकायला लागले. हळूहळू मेंढरं आवाजामागं यायला लागली. "आता हाक बी मारावी लागत नाय!" आबा फोनवर ओरडून सांगायचे. व्यापाऱ्याला त्यांनी नको म्हणून निरोप धाडला.

मग कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या.

त्या दिवशी मी गंगापूरकडच्या रानात आबांबरोबर होतो. बांधापलीकडं एका शेतकऱ्यानं पाठीवरचा पंप चालू केला. तसलंच इंजिन, तोच आवाज. पुढच्या मेंढीनं मान वर केली आणि ती वळली. तिच्यामागं कळप.

आबा हाका मारत होते. सायकलच्या आवाजात हाक पोचेना, म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. आता रानात पंपाचाच तेवढा आवाज उरला. मेंढरं पळतच तिकडं निघाली. आबांनी पुन्हा पुन्हा दोरी ओढली, पण तापलेलं इंजिन सुरू होईना. सायकल टाकून ते धावायला गेले आणि पडले.

"मामा, पंप बंद करा!" मी ओरडत बांधावर पोचलो.

शेतकऱ्यानं पंप बंद केला. "यडी झाली का तुमची मेंढरं? औषधावर येतात!"

मेंढरं थबकली. मागून, जमिनीवरूनच, आबांची हाक आली तशी ती परत फिरली. पण सगळ्यात पुढं गेलेल्या तीन मेंढ्यांनी ओला पाला ओरबाडला होता. दिवस मावळायच्या आत तिन्ही गेल्या.

"काढ ते," आबा सायकलकडं न बघता म्हणाले.

पुढच्या सुट्टीला मी तेच जड मोपेडचं इंजिन आणून बसवलं. सायकल कलंडू नये म्हणून मागं दोन आधाराची चाकं जोडली. ते खर्जात, घशातून खोकल्यासारखं वाजायचं. तसला आवाज कुणाच्या वावरात नव्हता. व्यापाऱ्याचा पुन्हा फोन आला होता. दोन दिवसांत कळवतो, असं मी त्याला सांगितलं होतं.

संध्याकाळी सायकल उभी करून आबांनी इंजिन चालू केलं, समोर मका पसरला आणि पाय लांब करून मातीत बसले. मेंढरं लांब, एकमेकांना चिकटून उभी राहिली. एक म्हातारी मेंढी चार पावलं पुढं आली आणि परत गेली.

"आबा, आज राहू द्या."

त्यांनी ऐकलं नाही. टाकीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडलं, तेव्हा मका होता तसाच होता. आबांनी हात पुढं केला.

"पेट्रोलची बाटली आण," ते म्हणाले.