येरुशलायीमला निघालेले काका

देहानं अमरावतीत आणि मनानं समुद्रापलीकडे राहणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही त्यांना काका म्हणत असू. काका मूळचे कोकणातले, बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. बोलणं पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण "आमचा खरा मुलूख येरुशलायीम" हे ते अशा सुरात सांगत, की ऐकणाऱ्याला ते बडनेऱ्याच्या पुढचंच गाव वाटावं.

अमेरिकेतल्या लढाईमुळं विलायतेला कापूस मिळेना, वऱ्हाडच्या रुईला सोन्याचं मोल आलं, तेव्हा काका रुईच्या गाठी दाबण्याच्या कामावर देखरेखीला आले. थोडेच दिवस राहायचं म्हणून त्यांनी घरात खाट घेतली नाही की दाराला रंग दिला नाही. काकूंनी परसात सब्जा लावला, तर म्हणाले, "कशाला? आपण गेल्यावर पाणी कोण घालील?" आणि मग रोज स्वतःच पाणी घालत राहिले.

शनिवारी, त्यांच्या धर्माच्या विसाव्याच्या वारी, मात्र ते कोणाचे नसत. धुतलेला अंगरखा घालून ओट्यावर बसत, आणि तिकडं कापसाच्या गाड्यांची रांग वेशीबाहेर जाई. एकदा खुद्द गाठींचा मालक शेठ हात जोडत आला. "काका, आजच्या रोज चालू द्या ना! विलायतेत भाव चढून राह्यला!"

"विलायतेला म्हणावं, उद्या ये," काका म्हणाले.

दरवर्षी वल्हांडणाच्या सणाला ते "पुढच्या वर्षी येरुशलायीमात!" म्हणत. ते प्रार्थनेतलं वाक्य आहे हे आमच्या आईला कुठं ठाऊक? ती वाटेसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या तळून देई. काका त्या सण सरल्यावर ओट्यावर बसून आवडीनं खात, आणि जाणं पुढं ढकललं जाई. काकू हसून म्हणत, "अहो, तिथं नारळ मिळतो का, ते आधी विचारा."

मग एका उन्हाळ्यात तापानं काकू गेल्या. गावाबाहेर लिंबाखाली त्यांना पुरलं. आता काका निघणार असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी येरुशलायीमचं नावच टाकलं. शेवटी मीच विचारलं, "काका, आता काहून नाही जात?"

"हिला एकटीला टाकून?"

एवढंच बोलून ते आत गेले. पण पुढल्या दिवाळीनंतर एका सकाळी स्वतःच आमच्या दारात आले. "काल तिच्याजवळ बसलो होतो रे. तिथं बसूनही माझी नजर पश्चिमेलाच. जन्मभर तिनं माझं हे ऐकून घेतलं. आता खरं करून नाही दाखवलं, तर ती मला काय म्हणेल?"

आईचा विश्वास बसला नाही. तिनं पुऱ्या केल्या नाहीत. बडनेऱ्याहून गाडी खरोखरच हलली तेव्हा काकांच्या हातात फक्त एक वळकटी होती. आई घरी येऊन चुलीपुढं पदर डोळ्यांना लावून बसली.

बऱ्याच वर्षांनी अकोल्याचे एक रंगारी हाजी भेटले. हज करून ते येरुशलायीमच्या मशिदीलाही जाऊन आले होते, आणि तिथं एका गल्लीत कोणी मराठीत पुटपुटताना ऐकून थबकले होते. ते आमचे काका होते.

"मी अकोल्याचा हाय म्हणून समजलं, अन् हातच सोडेनात," हाजी सांगत होते. "म्हणे, बोला, कायबी बोला. मी काय बोलू? पऱ्हाटी, तूर, बजार, सांगत बसलो. ते डोळे मिटून आयकत राह्यले. रोज देवाच्या भिंतीपाशी जातात म्हणे, अन् सुखात हायेत. मी पुसलं, चलता का माह्यासंगं वापस?"

"मग?"

"म्हणे, 'नाही हो. घर हेच. पण आता वाट कशाची पाहू, तेवढं सांगा.'"

 मशिदीतून बांग होईपर्यंत हाजी काकांचा हात धरून गल्लीतल्या पायरीवर बसून राहिले.