मेमरीचा स्पीड आणि भावाचे डोळे

माझा धाकटा भाऊ डोळ्यांनी बोलतो. हे काही कवितेतलं बोलणं नव्हे. स्नायूंच्या आजारात त्याचे आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. उरले ते डोळे. त्याच्या पलंगासमोरच्या स्क्रीनखाली एक काळी पट्टी लावलेली आहे, तिच्यातला कॅमेरा त्याची नजर टिपतो. ज्या अक्षरावर नजर थांबते ते उमटतं, आणि ओळ पूर्ण झाली की कॉम्प्युटर ती मोठ्याने वाचतो. वाचणारा आवाज अगदी पुणेरी बातम्यांतला. ‘ताई, मले भूक लागून राह्यली’ हे त्या आवाजात ऐकलं की मला भर आजारपणात हसू येतं, आणि भावालाही ते मुद्दाम ऐकवायला आवडतं.

हा कॉम्प्युटर त्याने स्वतः जोडलेला, हात चालत होते तेव्हा. अमरावतीला त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. आजार बळावल्यावर मी त्याला अकोल्याला माझ्या घरी आणलं आणि पाठोपाठ हा डबाही आला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझं कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणजे चालू करणे आणि बंद करणे, आणि बंद करतानाही मला धाकधूक वाटते.

भावाची तक्रार एकच होती, मशीन मागे पडतं. नजर ठरली तरी अक्षर उमटायला वेळ, ओळ वाचायला वेळ. भेटायला आलेले लोक ‘कसं आहे?’ विचारायचे, हा उत्तर लिहायला घ्यायचा, आणि उत्तर येईपर्यंत ते चहा संपवून चपला शोधत असायचे. मला त्या लोकांचा राग यायचा. मी तो चहाच्या कपांवर काढायचे.

या मे महिन्यात त्याला इलाज सापडला. आतल्या मेमरीच्या पट्ट्या चांगल्या वेगवान होत्या, पण मशीन त्यांना संथच चालवत होतं. सेटिंगमध्ये एक पर्याय चालू केला की त्या आपल्या खऱ्या वेगाने पळणार होत्या.

“चालून राह्यलं ना? मंग कायले हात लावतं त्याले?” मी म्हटलं.

“काहून भेतं व, ताई?” डबा म्हणाला. “नाही चाललं तं आतली बॅटरी काढजो. पयल्यासारखं होते.”

मग त्याने मला सगळ्या पायऱ्या आधीच सांगून ठेवल्या, कारण मशीन बंद झालं की त्याचं बोलणंही बंद. चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहायचं, मेमरीचं पान उघडायचं, पर्याय निवडायचा, सेव्ह करायचं. मी शाळेत मुलांकडून करवून घेते तसं प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत म्हणत सगळं केलं.

डब्यातला पंखा फिरला आणि थांबला. परत फिरला, परत थांबला. उन्हाळ्यात डब्याची एक बाजू आम्ही उघडीच ठेवतो. तिथून दिसलं की मेमरीच्या शेजारी एक बारीकसा नारिंगी दिवा पेटला आहे आणि विझायचं नाव घेत नाही. स्क्रीन काळाच्या काळा. मी भावाकडे पाहिलं. तो शांत होता, म्हणजे निदान डोळे तरी शांत होते.

त्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल चौकोन असतो. त्यावर नजर ठेवली की घंटा वाजते, आणि मी स्वयंपाकघरात असो की न्हाणीघरात, धावत येते. भावाला खोकता येत नाही. लाळ घशात अडकली तर ती सक्शनच्या नळीने ओढून काढावी लागते, आणि तेही लगेच. तो चौकोन आता नव्हता. म्हणजे त्याचा श्वास अडकला तर मला हाक मारायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत असेन तरच कळणार होतं. घरात आम्ही दोघंच होतो, आणि शेजारीण सुट्यांमध्ये माहेरी गेली होती.

त्याचं दुकान आता त्याचा जुना भागीदार चालवतो. मी त्याला फोन लावला. तो नेमका चांदूर रेल्वेला नात्यातल्या एका निकाहला गेलेला.

“घबराऊ नका, ताई,” तो गर्दीतून ओरडून म्हणाला. “पयले वायर काढा भिंतीतून. मंग ते गोल बॅटरी काढा, थोडं थांबा, परत लावा. तरी नाही झालं तं मेमरीच्या पट्ट्या काढून नीट दाबून बसवा. मी निघतोच इथून, पण यायले रात होईन.”

रात्र होईपर्यंत नुसते याचे डोळे बघत बसणं मला जमणार नव्हतं. मी वायर काढली. बॅटरी नखाने उचकटली, थांबले, परत बसवली. पुन्हा तोच दिवा. पट्ट्या काढल्या, बसवल्या, कट्‌कन आवाज येईपर्यंत दाबल्या. आता तर पंखा फिरून थांबायचंही सोडून नुसता फिरत राहिला. मला वाटलं, मी ते पुरतं मारलं.

आणि हे सगळं करताना माझी पाठ त्याच्याकडे होती. डबा खाली कूलरसमोर ठेवलेला. माझ्या ध्यानात आलं तशी मी ताडकन उठले. तो ठीक होता. मी डबा उचलून सरळ त्याच्या पलंगावर, पायांशी ठेवला. आता मेमरीच्या पट्ट्या आणि त्याचा चेहरा एका नजरेत येत होते.

तरी चूक झालीच. टॉर्च तोंडात धरून मी खाचेत बघत होते, आणि वर पाहिलं तर त्याचे डोळे ताणलेले, पाण्याने भरलेले. किती वेळ तसे होते, मला माहीत नाही. टॉर्च पडला. मी पलंगावरूनच पलीकडे गेले, त्याचं डोकं एका कुशीवर वळवलं, नळी घातली. सक्शनची घरघर सुरू झाली. लाईट होती एवढं नशीब. थोड्या वेळाने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मी त्याचं तोंड पुसलं आणि मग तिथेच बसून रडले, आवाज करून रडले. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याला डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशीही नाही.

माझं रडणं संपेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला. मग डब्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. त्याला काही सांगायचं होतं.

मशीन यायच्या आधी आमची एक रीत होती. मी मुळाक्षरं म्हणायची, हवं ते आलं की त्याने डोळे वर करायचे. काना-मात्रा सोडून द्यायच्या, त्या मी अंदाजाने लावायच्या. शाळेत ज्या चालीवर मुलांना म्हणायला लावते त्याच चालीवर मी सुरू केलं. क ला डोळे वर. पुढे ल. पुढे र.

“कूलर?” डोळे वर.

“गरम होऊन राह्यलं तुले?” मी उठून कूलर फुल केला. त्याने डोळे घट्ट मिटले. मिटले म्हणजे नाही. मी पुन्हा बसले, पुन्हा म्हणायला लागले. ख ला डोळे वर. पुढे र.

खार.

आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एखाद्या वेळी. ते प्यायला लागतं. कूलरमध्ये जातं बोअरचं, आणि बोअरला खारपाण पट्ट्यातलं पाणी, साबणाला फेस न येऊ देणारं. कूलरच्या जाळीवर त्याचे पांढरे थर धरतात, ते आम्ही दर उन्हाळ्यात खरवडतो. वऱ्हाडात मे महिन्यात कूलरची समोरची जागा आजाऱ्याची, पाहुण्याची आणि घरातल्या सगळ्यांत लाडक्या वस्तूची. म्हणून डबा मी तिथे ठेवला होता, उघड्या बाजूने कूलरकडे तोंड करून. बिचाऱ्याला थंडावा मिळावा म्हणून.

मी मेमरीची एक पट्टी काढून खिडकीशी नेली. खालच्या सोनेरी दातांवर पांढुरकी भुकटी होती. संथ चालताना ती निभून गेली असावी. वेग वाढवल्यावर आणि मी पट्ट्या ओढून दाबल्यावर सगळंच अडलं.

“कशानं पुसू? पाण्यानं?” डोळे मिटले. “कपड्यानं?” मिटले. मी घरातल्या वस्तूंची नावं घेत सुटले. खोडरबरावर डोळे वर गेले. माझ्या शाळेच्या पिशवीत खोडरबरं पुष्कळ असतात. मी ते दात हळूहळू घासले, कोरड्या ब्रशने खाच झाडली. प्रत्येक घासण्यानंतर वर बघत होते. एकच पट्टी बसवली, बॅटरी परत काढून लावली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. नारिंगी दिवा लागला, आणि विझला. स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात गेलेलं. मी दुसरी पट्टीही घासून बसवली. तेही चाललं. कोपऱ्यात लाल चौकोन दिसला तेव्हा मी त्याला हात जोडले. मग भागीदाराला फोन करून सांगितलं, आता सावकाश ये.

भावाने लिहायला घेतलं. अक्षरं पूर्वीसारखीच रेंगाळत उमटत होती.

“आता स्पीड लाव.”

“डोक्यावर पडला काय तू?” मी जवळजवळ ओरडलेच. “मरता मरता वाचला आत्ता! चालून राह्यलं ना? मले नाही लावाचा तुया स्पीड.”

त्याने उत्तर लिहायला सुरुवात केली. मी रागात कूलर ओढून कोपऱ्यात नेला, टॉर्च शोधला, परत येऊन उभी राहिले. त्याची नजर अजून अक्षरांवरून सरकत होती. मधेच थांबायची, परत मागे यायची. उजवा डोळा डाव्याच्या मागे राहत होता. हे मी आधी पाहिलं नव्हतं. शेवटी ओळ वाचली गेली.

“डोये थकून राह्यले, ताई. उजवा होळीपासून बरोबर फिरत नाही. डॉक्टरले सांगतलं नाही, तुले बी नाही. डोये गेले तं मंग काहीच नाही. मले लय बोलाचं हाये अन् हे लय हळू हाये.”

मी पलंगाच्या कडेवर बसले. त्याच्या कपाळावरचे केस मागे केले, ते मागे करण्याइतके मोठे नव्हतेच.

“मंग जे बोलाचं ते पयले बोलून घे,” मी म्हटलं. “परत काळं झालं तं?”

त्याने लिहिलं. या वेळी तीनच शब्द होते, तरी वेळ लागला.

“स्पीड आल्यावर बोलतो.”

मी सक्शनची नळी हाताशी घेतली, त्याच्याकडे तोंड करून बसले आणि मशीन बंद केलं.