झाकणावर डब्याचा नंबर

तवा घरात आमी तिघी हुतो. मी, माझी सवत थोरली बाई, आन् आमच्या खोलीत भाड्यानं ऱ्हाणारी सांगलीची पोरगी. तिला आमी एकास-एक म्हणायचो.

तऱ्हाच तशी तिची. एका खुंटीला दोन पिशव्या दिसल्या की एक काढून दुसरीकडं अडकवायची. "आजी, एकाला एकच." आमच्या डब्यांची झाकणं इकडची तिकडं झाल्याली. तिनं समदी लावून बगितली, डब्यांना नंबर दिलं, आन् ज्या डब्याचं झाकण त्येचा नंबर झाकणावर रंगानं लिवला.

म्या म्हटलं, "डब्यावर बी झाकणाचं कायतरी लिव की."

"नको आजी. एकाच जागी लिहायचं. झाकण डब्याचं असतं."

मला काय उमगलं न्हाई. डाळ भरली आन् झाकण लावलं.

काम तिचं मांडीवरच्या कॉम्प्युटरवर. पीएचपी म्हणायची, फ्रेमवर्क म्हणायची. गावची दूध डेरी सभासदांच्या आन् त्यांच्या बायकांच्या डोळ्यांची आपरेशनं करून देणार हुती, त्येचं काम तिच्याकडं आल्यालं. इकडं सभासद, तिकडं बायका, आन् मदी दोन ओळी लिवून जोडायचं. पैली ओळ, ह्याला ती एक हाय. दुसरी, ती ह्याची हाय.

"गोष्ट एकच, मग दोनदा कशाला सांगतीस?" म्या इचारलं.

"दोन्ही बाजूंनी विचारता यावं म्हणून, आजी."

थोरली म्हणाली, "आमाला एका बाजूनं तरी कोन इचारतंय!"

एकदा भाकरी थापताना माझ्या हातावरचं गोंदण तिला दिसलं. मालकांचं नाव. पोरगी उडालीच. "हेच तर मी करते! जी ज्याची, तिच्या हातावर त्याचं नाव. आजी, तुम्ही झाकण!"

थोरलीनं आपला हात म्होरं केला. त्येच नाव. "आन् मी गं?"

पोरीनं दोन्ही हात शेजारी धरून नाव परत वाचलं. थोरलीला मूल हुईना म्हणून मला आणली. मलाबी झालं न्हाई. मालक गेलं, डेरीत सभासद म्हणून नाव त्यांचंच ऱ्हायलं, आन् घरात आमी दोघी. त्यात सांगण्यासारखं काय न्हाई.

मग डेरीचं सेक्रेटरी काम बगाया आलं. माझा डावा डोळा गेल्यात जमा, उजवाबी चालल्याला. पोरीनं कॉम्प्युटरात मालकांचं नाव घातलं. पडद्यावर थोरली आली. मी न्हाई.

"आजींचं नाव मी स्वतः भरलंय." परत घातलं. परत थोरलीच. पोरीचा चेहरा उतरला. "एकच म्हणून मीच सांगितलंय ना. पहिली सापडली की थांबतं ते."

"बराबर हाय की," सेक्रेटरी म्हणालं. "एक सभासद, एक बायको. गाव काय म्हणंल?"

"आवं सेक्रेटरी, तुमचा डोळा जाऊ द्या, मग बगू गाव काय म्हणतंय," थोरली म्हणाली. "माझं डोळं चांगलं हायत. मला काढा, हिला घाला."

"कुणाला काढायचं नाही." पोरगी फळीवरच्या झाकणांकडं बगत बसली. मग म्हणाली, "आजी, मालकांचं नको, तुमचं नाव सांगा."

म्या सांगितलं. तिनं घातलं. मालक आलं.

"आपरेशनला बाईला तिचंच नाव विचारायचं," ती म्हणाली. "सभासद कोण ते तिच्या हातावर आहेच."

सेक्रेटरींनी डोस्कं खाजवलं. "तिकडनं ही दिसंना, आन् हिकडनं तो दिसतोय? माझं डोस्कं उठलं बाई."

"डेरीला दूध घालताना म्हस कुणाची, तिची का माझी, इचारलं हुतं का कवा?" थोरली म्हणाली. सेक्रेटरींनी च्या संपवला. "करा," म्हणालं, आन् गेलं.

माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं. पोरगी गेली, पुण्याला मोठं काम लागलं. जाताना पिशव्या न्हेल्या, खुंट्या तेवढ्या ऱ्हायल्या. परवा फोनवर इचारलं, "पोरी, माणसं तीच, मग उत्तर दुसरं कसं गं?" लय येळ समजावत हुती. न्हाई उमगलं. झाकणावरचा नंबर मातुर आता दिसतोय.

तुमी वाचताय, तुमच्यात कोन असलं काम करत आसंल तर एवढं करा. बाई दारात आली की आदी तिला तिचं नाव इचारा.